वेदीपाशी झालेली आठवण

(शास्त्रपाठ : मत्तय ५ : २३, २४)



आपल्या गावोगावच्या मंडळ्यांत सुगीनंतर उपकारस्तुतीचा दिवस पाळितात. त्या दिवशी कोणी पायलीभर बाजरी आणितो, कोणी कांद्याची गोणी, कोणी द्राक्षांची पाटी. एखादी विधवा चार अंडी पदराखाली झाकून आणिते. हे सर्व मेजापुढे मांडिले जाते आणि पाळक प्रार्थना करितो. आता अशी कल्पना करा की, त्या ओळीत उभा असलेला एक शेतकरी आपली पाटी खाली ठेवितो न ठेवितो, इतक्यात त्याच्या मनात एका मनुष्याची मुद्रा उभी राहते. तो पाटी तशीच टाकून वळतो, दाराबाहेर जाऊन वहाणा पायांत घालितो आणि चालू लागतो. आपण सर्व काय म्हणू? उन्हाने ह्यास घेरी आली असावी, असे म्हणू. परंतु प्रभू येशूच्या शिकवणीप्रमाणे त्या दिवशी त्या मंदिरात खरी उपासना ह्याच मनुष्याची झाली.

हे वचन प्रभूने गालीलातील लोकांस सांगितले, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. गालीलात वेदी नव्हती. वेदी यरुशलेमात होती. गालीलातून यरुशलेमास पायी जावयास सुमारे तीन दिवस लागत. नाशिकाहून निघून, कसारा घाट उतरून, कल्याणापर्यंत पायी जावे, जवळजवळ तितकी ही वाट. इतके चालून गेलेल्या मनुष्यास वेदीसमोर उभे राहिल्यावर आठवण झाली की, गावी राहिलेल्या भावाच्या मनात आपणाविषयी काही आहे, तर त्याने काय करावे? अर्पण तेथेच ठेवून तीन दिवसांची वाट परत चालावी, भावाशी समेट करावा, आणि मग पुनः तीन दिवस चालून यावे, असे प्रभू सांगतो. ऐकणाऱ्यांच्या पायांत हे ऐकूनच गोळे आले असतील. प्रभूस तो खर्च ठाऊक होता. तरी त्याने सांगितले.

गेल्या वर्षभरात तिघा जणांनी निरनिराळ्या वेळी आम्हांस एकच प्रश्न विचारिला. ज्या मनुष्याशी अनेक वर्षे बोलणे तुटले आहे, त्याच्या दारी आता जाऊन समोरासमोर बोलावे, की जुने दुखणे तसेच झाकून ठेवावे? पहिला विचारणारा एका खेड्यातील तरुण शिक्षक होता. बाप्तिस्म्यानंतर ज्या चुलत्याने त्यास घराबाहेर काढिले, तो चुलता आता अंथरुणास खिळला आहे. दुसरी एक बहीण होती. तिला तिच्या नवऱ्याने मारून हाकून दिले होते, आणि आता मंडळीतील वडील माणसे तिने परत जाऊन बोलणे करावे म्हणून तिच्या पाठीस लागली होती. तिसरा कोण, हे आम्ही शेवटी सांगू.

त्या तरुण शिक्षकास आम्ही हाच शास्त्रपाठ काढून दिला आणि बराच वेळ उपदेश केला. गालील, यरुशलेम, वेदी, सर्व काही सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले व अखेरीस विचारिले, "साहेब, आपले थोरले बंधू निफाडाकडेच राहतात ना? आपण गेला होता काय?"

आम्हांजवळ उत्तर नव्हते. म्हणून आजचे हे बोलणे प्रथम आम्हांस आहे व नंतर तुम्हांस आहे, असे समजून वाचावे.

दोन्ही आज्ञा 'जा' असेच सांगतात

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू अशा मनुष्याविषयी बोलतो की, ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे. म्हणजे चूक बहुधा ह्याची आहे. अठराव्या अध्यायाच्या पंधराव्या ओवीत तो अशा मनुष्याविषयी बोलतो की, ज्याचा भावाने अपराध केला आहे. म्हणजे चूक दुसऱ्याची आहे. पहिल्यास प्रभू सांगतो की, तू जा. दुसऱ्यासही सांगतो की, तू जा, आणि एकांतात बोल. आपण मात्र ह्या दोन्ही आज्ञा उलट्या वाचितो. ज्याची चूक आहे तो म्हणतो, त्याला दुःख झाले असेल तर त्याने येऊन सांगावे. ज्याला दुःख झाले आहे तो म्हणतो, त्याची चूक आहे तर त्याने येऊन पाय धरावे. दोघेही आपापल्या ओट्यावर बसून राहतात, मधल्या बांधावर बाभळी वाढतात, आणि पुढे मुलांस त्या बांधाचे कारणही आठवत नाही.

तेव्हा पहिले पाऊल कोणाचे, हा प्रश्न प्रभूने आपल्यासाठी उघडा ठेविलेला नाही. ज्याला वेदीपाशी आठवण झाली, पाऊल त्याचे. आठवण देणे हेच देवाचे बोलावणे आहे.

तथापि, जावे एवढेच म्हटल्याने उपदेश पुरा होत नाही. कित्येक जण जातात आणि जाऊन जखम वाढवून येतात. म्हणून हातात काय घेऊन जावे, हे पाहिले पाहिजे.

हातात काय घेऊन जावे

याकोबाने भावास फसविले व तो पळाला. वीस वर्षे परदेशी राहून तो परत निघाला, तेव्हा एसाव चारशे माणसे घेऊन सामोरा येत आहे, अशी वार्ता आली. याकोबाने भेट म्हणून शेळ्या, मेंढ्या, उंटिणी, गाई व गाढवी मिळून साडेपाचशेहून अधिक जनावरे कळप कळप करून पुढे पाठविली. परंतु त्या रात्री यब्बोकाच्या उतारापाशी देवाने त्यास एकटे गाठिले आणि पहाटेपर्यंत झुंज घेतली. सकाळी याकोब लंगडत भावासमोर गेला. आमच्या मते एसावाचे मन जनावरांपेक्षा त्या लंगड्या चालीने अधिक विरघळले असावे. जो पूर्वी चपळाईने टाच धरून पुढे गेला होता, तोच आता सात वेळा भुईपर्यंत वाकत, पाय ओढीत येत होता.

ह्यावरून शिकावयाचे ते हे की, भावाशी झुंजण्यापूर्वी देवाशी झुंजावे. आपणांपैकी पुष्कळ जण जाताना जुने कागद, साक्षीदारांची नावे आणि तोंडपाठ केलेली वाक्ये घेऊन जातात. हा हिशेब झाला. हे अर्पण नव्हे. मनुष्य हिशेब घेऊन गेला की दुसराही आपली वही काढितो, आणि त्या वहीतही काही खरे असतेच. जाण्यापूर्वी एकांतात बसून आपल्या चुकीचे एक वाक्य तयार करावे. त्यात "पण" हा शब्द येऊ देऊ नये. "माझे चुकले, पण तुम्हीही" असे म्हणणारा मनुष्य अजून घरातून निघालेलाच नाही.

मग दुसऱ्याचा अपराध बोलूच नये काय? बोलावा, प्रभूनेच तशी आज्ञा दिली आहे. परंतु प्रथम आपला, मग त्याचा. आणि त्याचा बोलावयाचा तो त्यास हरविण्यासाठी नव्हे, तर भाऊ मिळविण्यासाठी. योसेफाचे उदाहरण पाहा. ज्या भावांनी त्यास विकिले ते धान्यासाठी त्याच्यापुढे उभे राहिले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने ओळख दिली नाही. ते पालटले आहेत की नाहीत, हे त्याने आधी पाहिले. यहूदा धाकट्या भावाच्या ऐवजी स्वतः दास होण्यास सिद्ध झाला, तेव्हा योसेफाचा बांध फुटला. आणि बोलण्याच्या वेळी त्याने सर्व मिसरी लोकांस बाहेर घालविले. त्याने भावांचा अपराध नाव घेऊन सांगितला, लपविला नाही. परंतु परक्यांच्या देखत त्यांची लाज काढिली नाही.

कोठे जाऊ नये

आता आपल्या त्या बहिणीकडे वळू. मंडळीतील वडील माणसांनी तिला सांगितले होते की, तू ख्रिस्ती आहेस, म्हणून तू क्षमा केली पाहिजेस, आणि क्षमा केली तर परत गेले पाहिजेस. उपदेशक बंधूंनो, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या तोंडचे बोलणे आहे, म्हणून ह्याचा नीट विचार करू.

शौल राजा दाविदाच्या जिवावर उठला होता. दाविदाने दोन वेळा त्याचा जीव आपल्या हाती आला असता सोडून दिला. ह्याहून मोठी क्षमा कोणती? तरीही तो शौलाच्या घरी परत गेला नाही. १ शमुवेलाच्या सव्विसाव्या अध्यायात लिहिले आहे की, तो पलीकडे जाऊन दूर डोंगराच्या माथ्यावर उभा राहिला. दोघांच्या मध्ये मोठे अंतर होते. आणि तेथून हाका मारून त्याने राजास खरे ते सांगितले. शौल परत ये म्हणाला; तरी दावीद आपल्या वाटेने गेला व शौल आपल्या ठिकाणी गेला. देवाने दाविदास ह्याबद्दल दोष दिला नाही. क्षमा करणे वेगळे, आणि भाल्याच्या टप्प्यात जाऊन उभे राहणे वेगळे.

म्हणून आम्ही त्या बहिणीस सांगितले की, तू मनातील वैर देवापाशी सोड. ते तुझ्याने एका दिवसात होणार नाही, तरी सोडीत राहा. बोलावयाचे असेल तर डोंगराच्या माथ्यावरून बोल. म्हणजे पत्राने, अथवा पंचांसमक्ष, अथवा आपल्या भावांस जवळ बसवून. बोलावयाचे नसेल तर तेही पाप नव्हे. जेथे पुनः हात उगारिला जाण्याचे भय आहे तेथे कोणाही बाईस अथवा मुलास परत लोटण्याचा अधिकार शास्त्राने आपणांस दिलेला नाही. शांततेने राहा असे पौल रोमकरांस लिहितो, तेव्हा तोही शक्य असल्यास आणि आपल्याकडून होईल तितके, अशी मर्यादा घालतो. जे आपल्या हाती आहे तेवढ्याचाच जाब देव आपणांस विचारणार आहे.

भेट झाली म्हणजे मत एक झाले असे नव्हे

कोणी म्हणेल की, जेथे जिवाचे भय नाही, परंतु धर्म आणि मते आड आली आहेत, तेथे काय करावे? आपल्या पुष्कळ घरांची स्थिती हीच आहे. एक भाऊ मंडळीत, दुसरा बाहेर. सुतक वेगळे, लग्ने वेगळी. ह्याविषयी नाशिकच्याच मातीतील एक गोष्ट आपण पाहू.

नाशिकाजवळ जलालपूर हे गाव आहे. तेथील गोखल्यांच्या घरी १८६८ साली जन्मलेली मुलगी १८८० साली नारायण वामन टिळक ह्यांची पत्नी झाली. त्याच लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या माहेरी सोवळे इतके कडक होते की, बाहेरून आलेला जिन्नस वडील धुतल्यावाचून घरात घेत नसत. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात टिळकांस एका गोऱ्या गृहस्थाकडून नवा करार मिळाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई आपल्या माहेरच्या माणसांत होत्या व पदरी लहान मुलगा होता.

ही गोष्ट सांगताना आपण उपदेशक टिळकांच्या त्यागाविषयी पुष्कळ बोलतो आणि बाईंच्या दुःखाविषयी थोडे बोलतो. त्या दिवशी त्या बाईचे घर मोडले. पुढे कित्येक वर्षे वियोगात गेली. त्यांतील बराच काळ त्या मुलासह पंढरपुरास आपल्या बहिणीच्या आश्रयाने राहिल्या. त्या वेळी १८६६ सालचा एक कायदा अमलात होता. कोणी ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने त्याच्या पत्नीने अथवा पतीने त्यास सहा महिने टाकिले, तर त्यास न्यायालयात दाद मागता येत असे. न्यायाधीश एक वर्ष वाट पाहावयास लावी, आणि त्यानंतरही दुसऱ्या पक्षाचा नकार कायम राहिला तर विवाह मोडून देई. टिळकांचा विवाह असा मोडला नाही. कायद्याची एक वर्षाची वाट संपून पुढे आणखी वर्षे गेली, तरी ते नाते तुटले नाही.

अखेरीस लक्ष्मीबाई पतीकडे आल्या, त्या कशा आल्या? मत पालटून आल्या नाहीत. त्या आपल्या सोवळ्यासह आल्या आणि पतीच्या घरी राहून आपले सोवळे पाळीत राहिल्या. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन चुली! शेजारच्या लोकांस हे हास्यास्पद वाटले असेल. परंतु मन एक होण्यापूर्वी छप्पर एक झाले, हीच त्या घरावरील कृपा होती. पुढे राहुरीच्या प्रवासात जातिभेद देवाने केला की मनुष्याने, हा विचार बाईंच्या मनात आपल्याआपण उठला, आणि त्यांनी तो भेद टाकिला; १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भेटीपूर्वी ही अट घातली असती, तर भेट कधी झाली असती कोण जाणे.

आणखी एक गोष्ट. १९३४ सालापासून त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले. १९३६ साली त्या निवर्तल्या. ज्यांनी ते वाचिले आहे त्यांस ठाऊक आहे की, बाईंनी पतीचा संतापी व लहरी स्वभाव झाकिला नाही आणि आपला हट्टही झाकिला नाही. तरी त्या पुस्तकात सूड कोठे दिसत नाही. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, ते ह्याच पत्नीने पुढे नेले. ह्यावरून हे कळते की, समेट म्हणजे विसरणे नव्हे. जे घडले ते घडले असे म्हणून, त्याचे नाव घेऊन, तरीही एकमेकांचे राहणे, हा समेट होय.

आणि प्रत्येक समेटाचा शेवट एका छपराखाली होतो असेही नाही. याकोब व एसाव एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, तरी त्यानंतर एसाव सेईरास गेला व याकोब सुक्कोथास गेला. त्यांची घरे वेगळीच राहिली. परंतु उत्पत्तीच्या पस्तिसाव्या अध्यायाच्या शेवटी एक लहान ओवी आहे, तिच्याकडे आपण फारसे पाहत नाही : इसहाक मेला, तेव्हा त्याच्या दोघा पुत्रांनी, एसाव व याकोब ह्यांनी, त्यास पुरिले. वेगळ्या चुली असलेल्या भावांनी बापास एकत्र माती दिली. कित्येक घराण्यांस एवढीच कृपा मिळते, आणि ती थोडी नव्हे.

आमची गोष्ट

बापास माती देण्याची गोष्ट लिहिताना आमचा हात अडखळला. कारण तिसरा विचारणारा आम्ही स्वतःच आहो.

अकरा वर्षांपूर्वी आमचे वडील वारले. दफनाहून परत आल्यावर, माणसे अजून अंगणात बसली असताना, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांविषयी बोलणे निघाले. पाळ्या कशा वाटाव्या ह्याविषयी थोरल्या बंधूंचे एक म्हणणे होते, आमचे दुसरे. आम्ही सर्वांच्या देखत त्यांस चोर म्हटले. ते उत्तर न देता उठून गोठ्याकडे गेले. त्या दिवसापासून बोलणे नव्हते. त्या अकरा वर्षांत प्रस्तुत शास्त्रपाठावर आम्ही तीन वेळा उपदेश केला. वेदीविषयी पुष्कळ बोललो, भावाविषयी थोडे.

त्या शिक्षकाच्या प्रश्नानंतर आम्ही आपले एक वाक्य तयार करण्यास बसलो. पहिल्या रात्री जे जमले त्यात विहीर चार वेळा आली. दुसऱ्या रात्रीही "पण" निघेना. तिसऱ्या रात्री देवाने एक वेगळीच गोष्ट पुढे आणिली. वडील सात वर्षे आजारी होते. त्या सात वर्षांत आम्ही प्रथम पाठशाळेत व मग मंडळ्यांच्या कामावर होतो. त्यांस उठविणे, बसविणे, न्हाऊ घालणे, रात्रीबेरात्री दवाखान्यात नेणे, हे सर्व थोरल्या बंधूंनी व वहिनींनी केले. आम्ही सणास जात होतो आणि प्रार्थना करून परत येत होतो. त्याबद्दल आम्ही त्यांचे आभार कधी मानिले नव्हते. पाण्याची एक पाळी आमची होती असे आम्हांस आजही वाटते. परंतु सात वर्षांच्या सेवेसमोर ती पाळी मांडावयास आमची जीभ वळेना.

आम्ही गेलो, तेव्हा शेतात कांद्याची लागण चालली होती. वहिनींनी तांब्याभर पाणी आणून दिले. बंधू बांधावर येऊन बसले. आम्ही म्हटले, "दादा, तुम्ही बाबांचे सात वर्षे केले, त्याचे मी कधी नाव घेतले नाही, आणि त्या दिवशी तुम्हांस चोर म्हटले. माझे चुकले."

ते बराच वेळ मातीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माणसांदेखत म्हटला होतास." इतकेच बोलून पाणी कोठवर आले ते पाहावयास ते उठून गेले. वहिनींनी जेवावयास वाढिले, आम्ही जेवलो. निघताना बंधू दुरूनच दिसले. त्यांनी हात वर केला, तो निरोपाचा की मजुरास खूण करण्याचा, हे आम्हांस कळले नाही.

घरी येईपर्यंत त्यांचे ते शब्द आमच्या कानांत होते, आणि त्यांत प्रभूची शिकवण आम्हांस नव्याने कळली. भावाचा अपराध सांगावयाचा तो एकांतात. परंतु आपला अपराध कबूल करावयाचा तो जितक्यांच्या देखत केला तितक्यांच्या देखत. आम्ही अंगणात घाव घातला आणि बांधावर, कोणी नसताना, मलम आणिले. हे पत्र त्या गावीही जाते, आणि त्या दिवशी अंगणात असलेल्यांपैकी पुष्कळ जण ते वाचितात अथवा वाचवून घेतात. म्हणून येथे लिहितो : आमचे थोरले बंधू चोर नव्हते व नाहीत. आमच्या वडिलांच्या अखेरच्या सात वर्षांचे ओझे त्यांनी व वहिनींनी वाहिले, आणि आम्ही त्यांची अप्रतिष्ठा केली. आमचे चुकले. ह्यावर ते काय म्हणतील, हे त्यांच्याकडे आहे. आम्ही उत्तराची मागणी करीत नाही.

आता काय करावे

बंधुभगिनींनो, ज्यांच्या मनात ह्या घटकेस कोणाची मुद्रा उभी आहे, त्यांस चार शब्द सांगून पुरे करितो.

जिवाचे भय असेल तेथे जाऊ नका. माथ्यावरून बोला, अथवा मौन धरून देवावर सोपवा. भय नसून केवळ लाज असेल, तर जा. लाजेने आजवर कोणी मेले नाही. मनुष्य आजारी अथवा वृद्ध असेल, तर लवकर जा. समेटास उद्या मिळेल असे कोणी लिहून दिलेले नाही. एकट्याने जाण्याचे धैर्य नसेल, तर दोघांचाही विश्वास असलेला कोणी मध्यस्थ पाहा. पौलाने अनेसिमास फिलेमोनाकडे परत पाठविले, तेव्हा हाती पत्र दिले आणि त्याचे जे देणे निघेल ते आपल्या नावे मांडावे असे लिहिले. उपदेशक बंधूंनो, असे पत्र लिहिणे, आणि कधी पदरचे भरणे, हे आपले काम आहे. नुसती वचने वाचून दाखविणे हे पुरे नव्हे.

आणि जाण्यापूर्वी स्वतःस एक प्रश्न विचारा : दार उघडले नाही, तरी शांत मनाने घरी परत येता येईल काय? येत नसेल, तर अजून थोडा वेळ यब्बोकाच्या काठी थांबा. देवाशी तुमची झुंज पुरी झालेली नाही. येत असेल, तर वहाणा पायांत घाला. भावाचे मन उघडणे तुमच्या हाती नाही. त्याच्या दारापर्यंत चालत जाणे तुमच्या हाती आहे.

आम्हीही पुनः जाणार आहो. त्या तरुण शिक्षकाचा निरोप आला आहे की, तो चुलत्याकडे जाऊन आला. चुलत्याने त्यास ओळखिले, परंतु तो काही बोलला नाही. ह्याने त्याचे पाय चेपले आणि परत आला. येत्या उपकारस्तुतीच्या दिवशी त्याची पाटी आणि आमची पाटी मेजापुढे शेजारीशेजारी असतील. दोघांचीही गोष्ट अजून अपुरी आहे. परंतु ज्या प्रभूने आम्ही वैरी असताच आम्हांकडे पहिले पाऊल टाकिले, तो अपुऱ्या अर्पणास नाकारणार नाही, असा आमचा भरवसा आहे.

तो आपणां सर्वांस उठण्याचे बळ देवो, आणि ज्यांच्या दारी आपण जाऊ त्यांचीही अंतःकरणे त्याच्या वेळी उघडो. आमेन.